चोंबूभर मिश्रण

७ जुलै २०२५, सोमवार

आज शाळेत तीन आठवडे पूर्ण झाले. सत्कार वगैरे झाला नाही.

अकोल्यात सतरा वर्षं मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. दोनशे मुलांचा हॉल, हातात माइक, आणि मी बोलायला लागलो की पंख्यांनीही हळू फिरावं असा दरारा. मग सौ.ची बदली ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात झाली. हुद्दा असा मिळाला की नाही म्हणायची सोय नव्हती. तिच्या मागून जे सामान चेन्नईला आलं त्यात वॉशिंग मशीन, दोन कपाटं आणि मी होतो. ती सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसने जाते. मी मैलापुरातल्या एका शाळेत चालत जातो आणि नववीला पदार्थांचं वर्गीकरण शिकवतो.

आम्ही राहतो त्या घराची मालकीण कृष्णवेणी मामी. वय अठ्ठ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त. खाली त्या, मुलगा मुरली, सून आणि नववीतली नात हरिणी, वर आम्ही. यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले. घरात अजून मराठी बोलतात, म्हणजे असं त्यांचं म्हणणं आहे. मामींच्या बोलण्यात अर्धे शब्द बखरीतले, अर्धे तमिळ आणि सूर संपूर्ण तमिळ. विषयाच्या भाषेत सांगायचं तर विषमांगी मिश्रण. हरिणीला तर तेही जमत नाही. ती आजीच्या मराठीला तमिळमध्ये उत्तर देते आणि माझ्या मराठीला इंग्रजीत.

ही नोकरी मामींच्या शब्दामुळे मिळाली, हे इथे नमूद करून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे करणार नाही. त्यांचे यजमान याच शाळेत गणित शिकवत. मुख्याध्यापक गुरुमूर्ती सर त्यांचे विद्यार्थी. ऑगस्टअखेरपर्यंत मी कच्चा, त्यानंतर काम पाहून पक्का. गुरुमूर्ती सरांनी आज बोलावून सांगितलं की माझा आवाज फार छान आहे, तो थोडा कमी वापरावा आणि मुलांना हाताने काही करू द्यावं. मी नम्रपणे मान हलवली. ती कशी हलवायची हे मी इथेच शिकलो आहे.

१० जुलै, गुरुवार

आज प्रकरण सुरू केलं: शुद्ध पदार्थ आणि मिश्रणं. व्याख्या मी नेहमीप्रमाणे सावकाश आणि दोनदा सांगितली. शुद्ध पदार्थ तो, ज्याचे कोणत्याही भौतिक प्रक्रियेने वेगवेगळे घटक होत नाहीत. गाळा, गोठवा, उकळा, तो तोच राहतो.

तिसऱ्या बाकावरून हरिणीने विचारलं, उकळलं तरी तोच राहतो का? मी म्हटलं, उकळलं तरी. तिने वहीत ते लिहून खाली दोन रेघा ओढल्या. गेल्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ मिळवणाऱ्या मुलीकडून मला याहून जास्त अपेक्षा नव्हती. निदान टिपणं तरी नीट घेते.

१४ जुलै, सोमवार

२२ तारखेला ट्रस्टचे दोन विश्वस्त माझा तास बघायला येणार आहेत. माझं पक्कं होणं त्यावर ठरेल असं गुरुमूर्ती सर म्हणाले नाहीत, फक्त तारीख दोनदा सांगितली.

मला युक्ती सुचली आहे. मुलांना सांगितलं की प्रत्येकाने आपल्या घरातली सगळ्यांत शुद्ध वस्तू आणायची, आपण प्रयोगशाळेत तपासू. ज्याची वस्तू खरोखर शुद्ध निघेल त्याला अंतर्गत गुण दहापैकी दहा. वर्गात एकदम चैतन्य पसरलं. बक्षीस मी इतक्या मोकळ्या मनाने जाहीर केलं, कारण ते कुणालाच मिळणार नाही याची मला खात्री आहे. घराघरांत शुद्ध म्हणून जे काही जपून ठेवलेलं असतं ते सगळं मिश्रण असतं.

१७ जुलै, गुरुवार

रंगीत तालीम केली. एक्केचाळीस मुलं आणि चाळीस शुद्ध वस्तू. तूप सहा जणांनी आणलं, सहाही आयांचं म्हणणं एकच. मध, मीठ, सीलबंद बाटलीतलं पाणी. एकाच्या वडिलांनी कॉफीची पूड पाठवली होती, चिकोरी अजिबात नाही असं चिठ्ठीत लिहून. चिकोरी नसली तरी कॉफी हे मिश्रणच असतं, असं मी सांगितल्यावर तो मुलगा ओशाळला. त्याला घरी जाऊन हे सांगायचं होतं. देवळासमोरच्या दुकानातला कापूर तापवला. अस्सल असता तर सगळा वाफ होऊन गेला असता, पण वाटीत मेणचट डाग राहिला. एका मुलीने धाकट्या भावाचा फोटो आणला होता, कारण आजी म्हणते त्याचं मन शुद्ध आहे. तिला फोटोसकट परत पाठवलं.

हरिणीने काहीच आणलं नव्हतं. मंगळवारी आणते म्हणाली. मग विचारलं, सार, वस्तू शुद्ध निघाली तर परत मिळेल ना? मी म्हटलं, अर्थात, शुद्ध असेल तर कशाला काय होतंय.

२२ जुलै, मंगळवार

आजचा तास मी स्वतः मागच्या बाकावर बसून बघायला हवा होता, इतका तो चांगला झाला.

विश्वस्त आले, बसले. तूप झालं, मध झाला, कापूर झाला. मग हरिणीने दप्तरातून एक मुठीएवढा तांब्याचा लोटा काढला. इथे त्याला चोंबू म्हणतात. तोंडावर तांब्याची चकती डाख लावून बंद केलेली, अंगावर देवनागरीत कोरलेलं 'काशी'. गंगेचं पाणी. विश्वस्त खुर्चीत पुढे सरकले. मला मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली, कारण याहून नाट्यमय वस्तू मीही निवडली नसती.

आधी डाख बर्नरवर वितळवला. डाख म्हणजे कथिल आणि शिसं, तोही मिश्रणच, हे जाता जाता सांगून टाकलं. मग पाणी चिनीमातीच्या वाटीत ओतलं आणि उकळायला ठेवलं. गंगेवर कुणाचा आक्षेप येऊ नये म्हणून मी आधीच दोन वाक्यं श्रद्धेबद्दल आदराने बोललो. पाणी आटायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी ऊर्ध्वपातन, संप्लवन आणि विश्वस्तांच्या एका प्रश्नाचं उत्तर, सगळं उरकलं. शेवटी वाटीच्या तळाशी पांढुरकं कडं राहिलं. मी वाटी सगळ्यांपुढे फिरवली आणि विचारलं, शुद्ध की मिश्रण? चाळीस मुलं एका आवाजात ओरडली, मिश्रण.

हरिणीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बर्नरजवळ बसली होती म्हणून झालं असणार. प्रयोगशाळेतल्या सुब्बाला खिडकी उघडायला सांगितलं.

विश्वस्तांनी हस्तांदोलन केलं. तास संपल्यावर मी वाटी स्वतः विरल आम्लाने खळखळून धुतली. सुब्बा या खात्यात तीस वर्षं आहे, पण वाटी धुवायची ती त्याच्यावर सोडायची नाही हे मी पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं.

२३ जुलै, बुधवार

संध्याकाळी हरिणी वर आली. दारातच उभी राहून म्हणाली, सार, चोंबूतलं पाणी परत द्या.

मी समजावलं की ते वाफ होऊन हवेत गेलं. ती म्हणाली, पण तुम्ही सांगितलं होतं की शुद्ध असेल तर उकळूनही ते तेच राहतं. मी म्हटलं, तेच राहतं म्हणजे वाटीतच राहतं असं नाही. शिवाय ते शुद्ध नव्हतं, हेच तर आपण दाखवलं. तेव्हा ती तिथेच पायरीवर बसली आणि तमिळ, इंग्रजी आणि तिचं ते मोडकं मराठी एकत्र करून जे सांगत सुटली ते मला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

चोंबू मामींचा. त्यांच्या यजमानांनी एकोणीसशे चौऱ्याण्णवमध्ये काशीहून आणला. तो बंद असतो आणि घरातलं माणूस जायला निघालं की उघडतात, चमचाभर त्याच्या तोंडात घालतात. मामींच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन १९ ऑगस्टला आहे. चोंबू त्या दवाखान्यात बरोबर नेणार आहेत.

मी विचारलं, मामींना माहीत आहे? ती पायरीवर बोटाने रेघा ओढत राहिली. मी घाबरलो, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो. मग तिच्याशेजारी पायरीवर बसून विचार केला. शाळेतून काढतील, घर सोडावं लागेल, आणि ज्या बाईंच्या शब्दावर नोकरी लागली त्यांचंच मरणाचं पाणी मी विश्वस्तांसमोर आटवलं, हे मैलापुरात अर्ध्या तासात पसरेल. हरिणीला म्हटलं, चोंबू मला दे, मी बघतो. कुणाला सांगू नकोस.

२४ जुलै, गुरुवार

बघितलं.

शाळेत ऊर्ध्वपातन केलेलं पाणी असतं, पाच लिटरचा कॅन. त्यातलं चोंबूत काठोकाठ भरलं. सुब्बाने चकती जागेवर ठेवून डाख लावला. काम इतकं सफाईने केलं की मी त्याच्याबद्दलची काही मतं बदलायचा विचार केला. काय करतोय हे त्याने विचारलं नाही. फक्त संपल्यावर हात धुतले आणि डोळ्यांना लावले.

शास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर मामींचं नुकसान झालेलं नाही, उलट फायदा झाला आहे. आधी त्या चोंबूत क्षार, गाळ आणि काशीतलं आणखी काय काय होतं. आता त्यात पाण्याशिवाय काहीही नाही. असं शुद्ध पाणी त्या घरात साडेतीनशे वर्षांत आलं नसेल. हरिणीने चोंबू देवघरात मूळ जागी ठेवला. प्रकरण मिटलं.

२७ जुलै, रविवार

सकाळी मामींनी हरिणीच्या हाती कॉफी वर पाठवली. अशी त्या आजवर पाठवत नव्हत्या. जिन्यात भेटल्या तेव्हा विचारू लागल्या की समुद्राचं पाणी उकळलं तर मीठ मागे राहतं ना, मग वाफेत काय जातं? मी सांगितलं, निव्वळ पाणी जातं. "चोखट," म्हणाल्या. हा त्यांचा शब्द, म्हणजे छान. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विज्ञानाची अशी ओढ बघून बरं वाटलं. नातीने आजीकडून थोडं घ्यावं.

३ ऑगस्ट, रविवार

आज आडी पेरुक्कु, कावेरीला पाणी येतं त्याचा सण. कावेरी इथून तीनशे किलोमीटर लांब, म्हणून मैलापुरात नळाची पूजा करून चित्रान्न खातात. पिवळा, पांढरा, तपकिरी असे तीन प्रकारचे भात मामींनी वर पाठवले, आणि त्यांच्यामागे स्वतःही जिना चढून आल्या. डॉक्टरांनी त्यांना जिना चढू नका म्हणून सांगितलं आहे.

खुर्चीत बसून धाप शमवली आणि विचारलं की कावेरीची वाफ आणि नळाची वाफ यांत काही फरक असतो का. मी म्हटलं, काडीचाही नाही. गंगेची? म्हटलं, तीही तीच. जगातल्या कुठल्याही पाण्याची वाफ एकच, हे मी त्यांना कागदावर चिन्हं काढून पटवलं. त्यांनी कागद नीट घडी करून कमरेला खोवला. मला अकोल्यात असे विद्यार्थी मिळाले असते तर मी आज कुठे असतो. तोंडाला मात्र भात गोड लागला नाही, पित्त झालं असावं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

घटक चाचणीचे पेपर तपासले. प्रश्न चार: नदीच्या पाण्याचं संपूर्ण बाष्पीभवन केल्यास मागे काय उरते? गुण दोन. हरिणीचं उत्तर: एक रिकामा चोंबू. खोडसाळपणा आहे. शून्य दिला.

सौ. म्हणाली, हल्ली तू जिन्यात पाय न वाजवता का चढतोस?

१७ ऑगस्ट, रविवार

हे सगळं आजच लिहून ठेवायला हवं.

सकाळी अकराला मामींनी खाली बोलावलं. उद्या त्या दवाखान्यात भरती होणार, परवा ऑपरेशन. खोलीत पिशवी भरून ठेवली होती: दोन लुगडी, चष्म्याची डबी, स्वेटर. चोंबू बाजूला मेजावर. मुरली आणि सून बाजारात गेली होती. हरिणी दाराशी होती, तिला मामींनी आत जायला सांगितलं नाही.

"बसा सर. आज धडा मी घेतें," मामी म्हणाल्या. चोंबू हातात घेऊन कानाशी हलवला. "हा पूर्वीं बोलत होता. अर्धा होता, हलवला की आवाज येई. आतां बोलत नाहीं. ह्यांत काय आहे?"

मी म्हटलं, पाणी.

"कुठलं?"

मी म्हटलं, शाळेतलं.

मामींनी मान हलवली. हरिणीने त्यांना प्रयोगाच्याच दिवशी, घरी आल्या आल्या सांगितलं होतं. मी हिशेब केला: सव्वीस दिवस. कॉफी, भात, जिन्यातल्या शंका, आणि तो कागद. या बाईंना मी सव्वीस दिवस ऊर्ध्वपातन शिकवत होतो. त्यांनी कमरेचा तोच कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"तुम्हींच शिकवलांत, वाफ होऊन गेलं तें पाणी. काशीचं, नळाचं, अवघं अस्कं एकच."

मी होय म्हटलं.

"मग वाटींत राहिलं तें काय?"

मी म्हटलं, क्षार. कॅल्शियम, मॅग्नेशियम. थोडा गाळ.

"कुठला?"

"काशीचा."

"म्हणजे गेलं तें पाणी, राहिली ती गंगा. कुठं आहे ती?"

मी सांगितलं की वाटी धुतली. कुणी धुतली, विचारलं. मीच, म्हटलं, आम्लाने, नळाखाली. हे सांगताना माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा राहिला नव्हता. मग मी घाईघाईने सांगू लागलो की शाळेचं पाणी गटारातून कालव्यात जातं, कालवा समुद्राला मिळतो, आणि गंगाही शेवटी याच समुद्राला मिळते, तेव्हा एका अर्थाने ती पोचली. मामींनी हात वर केला.

"पोदुम. पुरे. समजूत नको सर. चूक झाली म्हणा."

"चूक झाली, मामी," मी म्हटलं. आणि मला खरंच रडू आलं. बर्नर कुठेही नव्हता.

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग सांगितलं की चोंबू यजमानांनी दोघांसाठी आणला होता. ते गेले तेव्हा मामी एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर होत्या. निरोप मिळून घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, चोंबू उघडायचा राहिला. त्यांच्या वाटणीचं पाणीही त्यांनी तेव्हापासून तसंच ठेवलं. दोघांचं एकटीला आलं, असं त्या म्हणायच्या आणि हरिणीला त्यावर हसू यायचं.

मी विचारलं, मग इतके दिवस मला बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या की आधी मला काय काय येतं ते बघायचं होतं. आणि नातीला वाटत होतं की आजीला कळलं हे सरांना कळलं तर सर तिला नापास करतील.

हरिणी दाराशी उभी होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

"आतां ऐका," मामी म्हणाल्या. "परवां मज मरतां येणार नाहीं. घरांत गंगा नाहीं. दिवाळीच्या सुट्टींत तुम्ही काशीस जाऊन घेऊन या. तोंवर बघतें."

मी हो म्हटलं. काशीला गाडी कुठून सुटते हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

वर्गात गेल्या गेल्या सांगितलं की मी दिलेली व्याख्या अपुरी होती, आणि एका विद्यार्थिनीने ती माझ्याहून जास्त मनावर घेतली. एखाद्या वस्तूची चाचणी करण्याआधी ती कुणाची आहे हे विचारायचं असतं, हे पुस्तकात नाही, वहीत लिहा, असं म्हटलं. मुलांनी लिहिलं. ती काहीही लिहितात. हरिणीच्या पेपरातला शून्य खोडून दोनपैकी दोन केले. नदीचं पाणी आटवल्यावर काय उरतं, याचं तिने दिलेलं उत्तर बरोबर होतं.

गुरुमूर्ती सरांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेताना खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, मामींनी त्यांना महिन्याभरापूर्वीच सांगितलं होतं, आणि मी स्वतः येऊन कबूल करेपर्यंत माझ्याबद्दल काही ठरवू नका असंही म्हणाल्या होत्या.

या गावात माझं काही लपून राहिलं आहे असं फक्त मलाच वाटत होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

साडेचार तास लागले. मुरली, त्याची बायको, हरिणी, मी. सौ.ने रजा काढली, मी न सांगता. डॉक्टर बाहेर येऊन तमिळमध्ये जे बोलले ते मला कळलं नाही, पण हरिणी खाली बसली आणि हसली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मामी घरी आल्या. त्याच दिवशी माझं पत्र आलं: मी पक्का झालो. पत्र दाखवायला गेलो तर त्यांनी ते न वाचता बाजूला ठेवलं आणि विचारलं, तिकीट काढलंत?

६ सप्टेंबर, शनिवार

काढलं. १६ ऑक्टोबरचं, वेटिंग एकतीस. सौ. म्हणाली, तू आणि काशी? मी म्हटलं, शैक्षणिक सहल.

२१ सप्टेंबर, रविवार

रोज सकाळी मामी खालून विचारतात, कितीवर आलं? आज सतरा. त्यांची तब्येत सुधारते आहे. चालतात, खातात, मुरलीवर ओरडतात. हरिणी रोज माझ्याकडे तासभर बसते आणि मला तमिळ अंक शिकवते. त्या बदल्यात मी तिला समांगी-विषमांगी शिकवतो. दोघांची प्रगती सारखीच आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

वेटिंग चार.

मामी आवराआवर करताहेत. कपाटातली जुनी कागदपत्रं मुरलीला समजावून दिली. दोन रेशमी लुगडी सुनेला देऊन टाकली. चित्रान्नाच्या तिन्ही भातांची कृती हरिणीकडून वहीत उतरवून घेतली. बरं होणारं माणूस इतकं का आवरतं, कळत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तिकीट पक्कं झालं. खालचा बर्थ.

मामींना सांगितलं. त्या पलंगावर बसून चोंबू चिंचेने घासत होत्या, लख्ख केला होता. आतलं शाळेचं पाणी त्यांनी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून टाकलं होतं. चोंबू माझ्या हातात दिला, घाटावर कुठे उतरायचं, कुणाकडून डाख लावून घ्यायचा ते सांगितलं. मग पाय वर घेऊन उशीला टेकल्या.

"चोखट झालं. तुम्हीं घेऊन आलांत की मी मोकळी."

त्यांच्या चेहऱ्यावर किती समाधान होतं. मी वर आलो आणि बराच वेळ तो रिकामा चोंबू हातात धरून बसलो.

११ ऑक्टोबर, शनिवार

तिकीट रद्द केलं.

कारण असं की सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत. एक्केचाळीस पेपर. शिवाय दिवाळीत उत्तरेच्या गाड्यांची अवस्था काही विचारू नये, आणि माझी पाठ अलीकडे दुखते. सौ.ने ही सगळी कारणं शांतपणे ऐकून घेतली. म्हणाली, एक पुरलं असतं. मग माझ्यासाठी चहा ठेवला. असं ती सहसा करत नाही.

संध्याकाळी खाली जाऊन सांगितलं की काहीतरी गोंधळ झाला, तिकीट परत वेटिंगला गेलं. मुरली म्हणाला, असं कसं होईल, पक्कं झालेलं तिकीट परत वेटिंगला जात नाही. मी म्हटलं, रेल्वेचं काय सांगावं. हरिणी माझ्याकडे बघत होती, मग आजीकडे बघायला लागली. मुरली म्हणाला, मग पोंगलच्या सुट्टीत जाऊन या.

मामी घेवडा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पोंगललाही गर्दी फार असते," त्या म्हणाल्या, आणि घेवड्याचं ताट थोडं माझ्याकडे सरकवलं. मी खाली बसून शिरा काढायला लागलो.